बुजवलेला खड्डा

पोळ्याले मुकुंदा मुंबईहून आला, तं नागपूरच्या साऱ्या टिमकी मोहल्ल्यात त्याच्या चमकत्या शर्टाचीच गोष्ट. नववीत मास्तरच्या अंगावर दौत फेकून शाळेतून पळालेलं पोट्टं, आता काळा चष्मा लावून पानठेल्यावर उभं. मुंबई कशी आहे गा, लोकायनं विचारलं. जीभ सुटली त्याची. मिलमध्ये पक्की नोकरी, स्वतःची खोली, खिडकीतून समुद्र. नागपूर म्हणजे खेडं, म्हणे. इथं कोष्टी खड्ड्यात पाय सोडून बसते आन खड्ड्यातच मरते.

ताराचंददादा बाजूलेच होता. मोठा भाऊ. हातमागाच्या खड्ड्यात बसून, पायानं पावड्या दाबून दाबून त्यानंच याले वाढवलं होतं. तो सारं कान देऊन ऐकत होता.

मुकुंदा मावशीकडं कुहीले जाऊन आला, तं घरात माग नव्हता. सुटी लाकडं भिंतीले टेकवलेली. खड्डा मातीनं बुजवलेला, वरून तुळसावयनी शेणानं सारवून राहिली होती. दादानं सांगितलं, मागाचे धोटे लोकायले वाटून टाकले, आम्ही पण तुयासंगच येतो. तुयी खोली आहेच, मले मिलमध्ये चिकटव.

मुकुंदाचं टाळकं फिरलं. "मले न विचारता काहून बुजवला?"

"अवो भाऊजी, तुमीच तं रस्ता दाखवला," वयनी हासली. "आता मी समुद्र पाहत पाहत भाकरी थापीन."

तो भांडालेच उठला होता, पण नजर दादाच्या पायावर गेली. दादा खाटेवर बसला होता. खाली माग नाही, पावडी नाही, तरी पाय आपले एकामागं एक दाबूनच राहिले होते.

"दादा, खोली नाही," मुकुंदा म्हणाला. "एका गादीवर तिघं पाळीपाळीनं झोपतो. मी बदलीवर आहे. सकाळी गेटावर उभं राहाचं, नाव पुकारलं तं काम, नाही तं वापस."

"आन आइतवारी?" दादानं हळूच विचारलं. "आइतवारी तं तिघंही घरीच राहत असान."

"मी रस्त्यानं फिरतो."

एक थापड बसली असती तं बरं वाटलं असतं. पण कोणी हात उचलला नाही. वयनीनं फावडं आणलं आन त्याच्यापुढं ठेवलं. ओल्या सारवणावरच त्यानं पहिला घाव घातला. शेणाचे शिंतोडे शर्टावर उडाले.

अर्धा खड्डा मोकळा झाला, तेवढ्यात शेजारचे महादेवराव दारात आले. "काय गा ताराचंद, मुंबईले निघाले होते ना तुम्ही?"

दादा आयुष्यात कोणाशी खोटं बोलला नव्हता.

"मुकुंदाच नाही म्हणते," तो म्हणाला. "भावाचा माग बंद झालेला त्याले पाहवत नाही म्हणे."

"गुणाचं पोरगं," महादेवराव म्हणाले.

मुकुंदानं मान वर केली नाही. माती काढतच राहिला.