राख लावलेली बेंबी

जयवंताबाईच्या हाताला गुण आहे असं वस्तीत सगळेच म्हणत, आणि सगळ्यांत जास्त वेळा ते जयवंताबाई स्वतःच म्हणे. कुणाची गाय अडली, कुणाच्या व्यालेल्या म्हशीचा जार पडेना, की बोलावणं हिला. बाई पदर खोचून निघे आणि गोठा येईपर्यंत मागच्या वेळी आपण काय पराक्रम केला ते सांगत जाई. त्यात खोटं काही नव्हतं. आडवं आलेलं वासरू आत हात घालून वळवणं तिला खरोखरच जमत होतं, आणि खापरखेड्याकडच्या त्या भागात ते जमणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणून घरची गाय चांदणी व्यायला बसली तेव्हा डॉक्टरला फोन करावा असं तिच्या मनातही आलं नाही.

चांदणी तशी सुनेची. दामिनी जयवंताच्या मुलाशी, अमोलशी, लग्न होऊन आली त्या साली तिच्या वडिलांनी, बाबारावांनी, उमरेडहून टेम्पोत घालून ही कालवड पाठवली होती. दामिनीला आई नव्हती. पोरीनं हातानं दूध पाजून वाढवलेलं जनावर, ते तिच्याजवळच राहू दे, असं बाबाराव म्हणाले होते. आता चांदणी पहिल्यांदा वीत होती आणि दामिनीला सातवा महिना लागला होता. माहेरी करणारं कुणी नाही, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. जन्म दवाखान्यात, पण घरी आल्यावर बाळाची न्हाणी-धुणी, शेक-शेगडी सगळं जयवंताच्या हातून.

कालवड झाली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. दामिनी दारातून वाकून पाहत होती.

"तू इकडे नोको येऊ वं," जयवंता आतून ओरडली. "पोटुशी बाईनं असं पाहू नाही."

"आई, नाळेले टिंचर लावतात म्हणते. अमोलले सांगू का आणाले?"

"मी काय आज पहिल्यांदा करून राहिली का? राख आहे ना इथं."

नाळेला राख लावायची, हे जयवंता तिच्या आईकडून शिकली होती. चुलीतली, गोवऱ्यांची, ताजी, गरम गरम. पण घरात गॅस आल्यापासून चूल थंड पडली होती. तिचा नवरा रुपराव वीजकेंद्रातल्या राखेच्या विटा करणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि त्यानं तिथून एक पोतं राख आणून गोठ्यात ठेवली होती, मैद्यासारखी बारीक. जयवंताला ती चुलीच्या राखेपेक्षा भारी वाटे. एवढ्या मोठ्या भट्टीतून निघालेली राख, तिच्यात कोणता किडा जगतो, असं ती सगळ्यांना सांगत असे. पोत्याचं तोंड महिनोन् महिने उघडं होतं, दुपारी कोंबड्या त्यात लोळत, ते तिला दिसत होतं. दिसून काय उपयोग! तिनं दोन मुठी घेतल्या आणि ओल्या नाळेवर चांगल्या दाबून बसवल्या.

बाकीची वासरं चार-दोन दिवसांत नाळ सुकवून मोकळी होतात. हिची बेंबी सुकेना. सकाळी पाहावं तर राख भिजून चिखल झालेली. जयवंता नवी राख लावी, दुसऱ्या दिवशी तीही भिजे.

"आई, ती मुतते तवा बेंबीतून गळते," दामिनी म्हणाली. "मी नीट पाह्यलं. डॉक्टरले बोलवू ना."

"तुले कोणी पाहाले सांगितलं?" जयवंता खेकसली. "नाळ ओली आहे, सुकून जाईन."

खरं म्हणजे वास तिलाही आला होता. राख उकरताना बोटांना मुताचा दर्प लागला होता, आणि ती बोटं तिनं पटकन लुगड्याला पुसली होती. पण वस्तीभर दुसऱ्यांच्या जनावरांना हात लावणाऱ्या बाईनं स्वतःच्या गोठ्यात डॉक्टर आणायचा? सुभद्रा शेजारीण तर चार घरी सांगत फिरली असती. मग जयवंतानं हळदीत बुडवलेला दोरा घेतला आणि बेंबी करकचून बांधली.

गळणं थांबलं. जयवंतानं सुभद्रेला मुद्दाम हाक मारून दाखवलं. "पाह्य, झालं का नाही बंद?" सुभद्रेनं मान डोलावली. दामिनीनं कालवडीच्या मानेवरून हात फिरवला आणि हात तसाच तिथे ठेवून राहिली, कारण अंग तापलेलं होतं.

मग कालवडीनं थान धरणं सोडलं. पाठीची कमान करून कुंथत उभी राही, शेपटी वर करी, आणि थेंब दोन थेंब पडत. पुढचे गुडघे सुजले. एका सकाळी तिला उठताच आलं नाही. चांदणी तिला चाटून चाटून उठवत होती. त्या दिवशी दामिनीनं कुणाला न विचारता फोन लावला.

सरकारी दवाखान्याच्या वासनिक मॅडम स्कूटीवर आल्या. त्यांनी कोमट पाण्यानं राखेची खपली भिजवून काढली आणि दोरा कापला. आतून जे आलं ते पाहून रुपराव बाहेर निघून गेला. पू आणि मूत, दोन्ही एकत्र. जयवंता मात्र उभी राहिली. तिला पाहावंच लागलं.

"काकू, पोटात असताना वासराचं मूत नाळेतून जातं," मॅडम म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "जन्मल्यावर ती वाट आपोआप बंद होते. हिची झाली नव्हती. त्यात राखेतली घाण गेली, वरून तुम्ही बाहेरचं तोंड बांधून टाकलं. पू आत फिरला. मूत्राशय, रक्त, आता सांधे."

"राख भट्टीतली होती," जयवंता म्हणाली.

"निघाली तवा साफ असंन. ठेवली कुठं होती?"

जयवंतानं पोत्याकडे पाहिलं. एक कोंबडी त्यावर बसली होती.

"पहिल्यांदा गळलं तवाच बोलावलं असतं तर?" हे दामिनीनं विचारलं.

मॅडमनी सुईत औषध भरता भरता उत्तर दिलं. "औषधानं नाही तर ऑपरेशननं वाचतात बरीचशी." सुई टोचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता मी करून राहिली तेवढं करते. पण फार आशा नका ठेवू."

दुसऱ्या दिवशी दुपारी कालवड गेली. दामिनी भिंतीला टेकून बसली होती, कालवडीचं डोकं तिच्या मांडीवर, सात महिन्यांच्या पोटाला लागून. पोटुशी बाईनं पाहू नाही, असं तेव्हा जयवंताला म्हणवलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार होती? अमोल आणि रुपरावानं कालवड पोत्यात गुंडाळून नेली. चांदणी दाव्याला हिसके देत हंबरत राहिली.

संध्याकाळी जयवंतानं चहा केला आणि सुनेजवळ नेऊन ठेवला. दामिनी रडत नव्हती. तिनं चार शिव्या दिल्या असत्या, भांडं आपटलं असतं, तर जयवंताला बरं वाटलं असतं. भांडायला तरी काही मिळालं असतं.

"आई," दामिनी म्हणाली, "माह्या बाळाची बेंबी कोण पाहीन?"

कोण म्हणजे? मी. हा शब्द जयवंताच्या तोंडात तयार होता. तो तिथेच राहिला.

"दवाखान्यातली सिस्टर पाहीन," ती म्हणाली. "मंग घरी आशाताई येईन. मी नाही लावत हात."

असं काहून म्हणता आई, तुम्ही नाही तर कोण, एवढं तरी पोर म्हणेल असं तिला वाटलं होतं. ती वाट पाहत उभी राहिली.

"बरं," दामिनी म्हणाली, आणि तिनं चहाचा कप उचलला.