उशाखालचा खडा

"चंदू, ते नाव काढ आधी," सुरेखाबाई मुलाला म्हणाल्या.

काचेच्या पेटीत चंद्रहासची दोन दिवसांची मुलगी झोपली होती. दोन महिने आधीच आलेली, वीतभर जीव. मॉरीन नावाच्या नर्सनं मोठ्या हौसेनं तिचं नाव कार्डावर लिहून पेटीला चिकटवलं होतं. नीलम. त्याच्या बायकोनं, शुभदानं, ते पोटुशी असतानाच ठरवलेलं. इंद्रनील म्हणजे नीलम, रत्नांतलं देखणं रत्न, एवढाच तिचा साधा विचार.

"बारसं नाई झालं, अन् नाव काहून लावलं? त्यातही नीलम. शनीचा खडा आहे तो बापा. लोकं आधी उशाखाली ठेवून पाहतात, मानवला तरच बोटात घालतात. अन् तुम्ही कच्च्या जिवाले घातला."

चंद्रहास आयर्लंडमधल्या स्लायगोजवळच्या कारखान्यात हृदयात घालायच्या नळ्या तपासायचा. खड्याबिड्यांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. पण मुलगी सकाळपासून दोनदा श्वास घ्यायला विसरली होती आणि त्याची पाचावर धारण बसली होती. त्यानं कार्ड काढून खिशात कोंबलं.

दुपारी शुभदाला चाकाच्या खुर्चीतून आणलं.

"कार्ड कुठंय?"

नवरा खाली बघू लागला, तेव्हा तिनं सासूकडे पाहिलं. "माझ्यामुळे झालं असं वाटतंय ना तुम्हाला, आई?"

सुरेखाबाई काही बोलणार, तोच यंत्र कर्कश वाजू लागलं. मॉरीन धावत आली. पेटीच्या झरोक्यातून हात घालून ती बाळाचा तळपाय चोळत लाडानं बोलू लागली. "कम ऑन, पेट. कम ऑन..." नावानं हाक मारायला तिनं सवयीनं कार्डाच्या जागी पाहिलं आणि अडखळली. बाळाचे ओठ काळेनिळे पडत चालले होते.

"नीलम," सुरेखाबाई काचेला तोंड लावून म्हणाल्या. "ए नीलम, श्वास घे. आजी आहे न इथं. घे माय, घे."

इवलीशी छाती हलली. मग पुन्हा हलली.

"शी'ज ग्रँड," ठीक आहे ती, असं मॉरीन म्हणाली, पण झरोक्यातला हात तिनं लगेच काढला नाही.

चंद्रहासनं चुरगळलेलं कार्ड मांडीवर सरळ केलं आणि परत चिकटवलं. सुरेखाबाईंनी कोपरापर्यंत हात धुतले. शुभदानं आपली खुर्ची सरकवून त्यांना जागा करून दिली. झरोक्यातून बाळाच्या तळपायाला एक बोट लावून त्या संध्याकाळपर्यंत उभ्या होत्या, आणि यंत्रावरची रेघ जरा खाली आली की हळूच नाव घेत होत्या.