हशाच्या आधीचं वाक्य

माणूस गेला की निदान त्याची बडबड तरी थांबते, असं मला वाटायचं. आमच्या ह्यांच्या बाबतीत तेही झालं नाही. नगराध्यक्षाच्या खुर्चीत असतानाच हे गेले, पोटनिवडणूक लागली, आणि रोज सकाळी प्रचाराची गाडी आमच्या खिडकीखालून ह्यांच्याच आवाजात ओरडत जायला लागली. "माझ्यानंतर ही खुर्ची धाकट्यालाच द्या!" मग जरा वाजंत्री, की पुन्हा तेच.

धाकटा म्हणजे माझे दीर. उमेदवार तेच.

पहिल्या दिवशी मी हातातलं भांडं टाकून खिडकीकडे धावले. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशीही धावले. गाडी वळणाआड जाईपर्यंत पाय निघत नसे. त्या वाक्याचा राग यायचा आणि त्याच आवाजाची मी पहाटेपासून वाट बघायचे.

वाक्य ह्यांचंच होतं. मागच्या वर्षी जेवणाच्या टेबलावर म्हणाले होते. पण ते तिथं संपलं नव्हतं. लगेच पुढे म्हणाले होते, "म्हणजे मेल्यावर तरी लोकांना माझी किंमत कळेल!" सगळं टेबल हसलं. भाऊजींना तर हसता हसता ठसका लागला, आणि पाणी मीच दिलं. माझी जाऊ तेव्हा गंमत म्हणून फोनवर सगळं टिपत होती. आता पुढची थट्टा कापून टाकली होती, आणि उरलेलं मृत्युपत्रासारखं गावभर वाजत होतं.

थट्टाही उगाच नव्हती. ह्यांनी नदीकाठच्या बागेची देखरेख भाऊजींकडे दिली, तर बघता बघता निम्मी बाग कुंपणापलीकडे गेली आणि तिथं भाऊजींच्या मित्राचं हॉटेल उभं राहिलं. उरलेली निम्मी ह्यांनी आडवं पडून वाचवली. भाऊजींना खुर्ची कशाला हवी, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

समोर उभ्या होत्या शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई. गाडी फिरेपर्यंत बाईंचं पारडं जड होतं. मग ते डगमगायला लागलं. शेवटी बाईंनी भर सभेत विचारलं, "हा आवाज खराच आहे कशावरून? आजकाल काय वाट्टेल ते बनवता येतं." त्या दिवशी दुपारी भाऊजी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"वहिनी, उद्या शेवटची सभा आहे. तुम्ही स्टेजवर यायचं आणि सांगायचं, हा आवाज ह्यांचाच आहे. बस्स, एवढंच."

"आणि पुढचं?"

"पुढचं कुठलं?" त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ओट्यावरचा डबा उचलला, झाकण उघडून बघितलं, परत लावलं. "दादा चेष्टेत काहीही बोलायचा. तुम्हाला खोटं कुठं बोलायला सांगतोय? तो आवाज त्याचा नाही का?"

"आहे."

"झालं तर मग. हे बघा, हे घर बाबांनी माझ्या नावावर केलं, तरी तुम्हाला मी कधी परकं मानलं का? दादानं सगळ्या गावाला घरं दिली, तुमच्यासाठी चार भिंती नाही उभ्या केल्या. मी काही बोललो? पुढेही बोलायची वेळ येऊ नये, एवढंच म्हणणं आहे."

दारात जाऊ उभी होती. तिनं खाली मान घातली. मीही तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, कारण भीती वाटत होती. या वयात पेटी उचलून जायचं कुठे?

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. भाऊजींनी माझं कोपर धरून मला पायऱ्या चढवल्या, अगदी जपून, काचेचं भांडं नेल्यासारखं. माइकवाल्यानं आधी तो आवाज लावला. एवढ्या मोठ्या कर्ण्यांतून हे माझ्या कानाशी बोलले. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसत होतं. माइक माझ्या हातात आला.

"हो," मी म्हटलं. "हा आवाज ह्यांचाच आहे. शब्दही ह्यांचेच."

टाळ्या पडल्या. भाऊजींनी माइक घ्यायला हात पुढे केला. त्यांनी धरला, पण मी सोडला नाही. क्षणभर आम्ही दोघं तो धरून उभे होतो आणि सगळं मैदान बघत होतं. शेवटी चारचौघांत खेचाखेच नको म्हणून त्यांनीच हात काढला.

"पण हे अर्धंच आहे. हे बोलले तेव्हा मी वाढत होते. हे म्हणाले, माझ्यानंतर ही खुर्ची धाकट्यालाच द्या, म्हणजे मेल्यावर तरी लोकांना माझी किंमत कळेल!"

मग मागे कुठेतरी एक बाई फिस्सकन हसली. तिच्या शेजारचा हसला आणि हळूहळू सगळं मैदान हसायला लागलं. ह्यांच्या विनोदाला ह्यांच्या माघारी दाद मिळत होती आणि मला तिथंच रडू फुटलं.

भाऊजीही हसत होते, लोकांना दिसावं म्हणून. ओठ न हलवता ते म्हणाले, "घरी या, वहिनी. मग बघतो."

बाई निवडून आल्या. निकालाच्या दिवशी भाऊजींनी निरोप धाडला, की महिनाअखेर वरच्या खोल्या रिकाम्या करा. मी भांडी खोक्यात भरत होते. खिडकीखालून आता काहीच जात नव्हतं, आणि त्या शांततेची मला इतकी चीड आली, की एक पातेलं मी मुद्दाम आपटलं.

मागे जाऊ उभी होती. "ताई," ती म्हणाली, "कापलं मीच होतं. आमच्या ह्यांनी सांगितलं म्हणून." आणि फोन माझ्यापुढे धरला. "पण मूळचं पुसलं नाही मी. ऐका."

ह्यांचं वाक्य आलं. मग पुढचं. मग हशा, भाऊजींचा ठसका, पाणी ओतल्याचा आवाज. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात हशा ओसरता ओसरता हे माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, किती वाढशील? बस की आता तूही."

मी भांड्यांच्या खोक्यावर बसले.