फाटकाजवळचा खोडवा

हंबीररावांनी बिद्रीजवळच्या रानात चाळीस वर्षं ऊस केला आणि म्हातारपणी त्यांच्या वाट्याला आलं काय, तर गवत. तेही म्हशीनं तोंड लावू नये असलं.

दोन हजार एक साली मुलगा उदयसिंह त्यांना कोल्हापुरात, कॉलनीतल्या नव्या बंगल्यावर घेऊन आला. शेजारी सगळे दारं लावून बसणारे. हंबीररावांना एक वेळ जेवण नसलं तरी चालायचं, बोलायला माणूस मात्र लागायचं. फाटकाबाहेर बसू नका, लोकांना वॉचमन वाटेल, असं उदयसिंहानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून ते फाटकाच्या आत खुर्ची टाकून रस्त्याकडं तोंड करून बसायचे. दूधवाला असो नाहीतर भाजीवाली तानाबाई, जो दिसेल त्याला हाक मारायची, गाव विचारायचं, पाऊसपाणी विचारायचं. असा दिवस निघायचा.

त्यात सूनबाईनं, वर्षाराणीनं, फुलांच्या प्रदर्शनातून शोभेच्या गवताची तीन रोपं आणली आणि नेमकी फाटकाजवळ लावली. गुडघ्याएवढं होईल, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. त्या माणसाचा गुडघा कुठं होता देव जाणे, दोन पावसाळ्यांत गवत हंबीररावांच्या डोक्यावर गेलं. पातं असं की हात लावला की रक्त. रस्ता दिसेनासा झाला. हंबीररावांनी आतून हाक मारली की तानाबाई इकडंतिकडं बघायची आणि कुणी दिसत नाही म्हणून पुढं चालू लागायची.

वर त्याला पांढरे तुरे आले. उसाला तुरा आला की वजन घटलं म्हणून माणूस कपाळाला हात लावतो, आणि इथं सूनबाई मैत्रिणींना बोलावून तुरे दाखवत होती. हंबीररावांच्या डोक्यात तिडीक गेली. त्यांनी सापाची भीती घालून पाहिली, डासांचं कारण सांगून पाहिलं, कापलेलं बोट दाखवलं. खरं कारण तेवढं सांगितलं नाही. आपल्याला करमत नाही हे सुनेपुढं कबूल करायचं त्यांच्या जिवावर येत होतं. ती म्हणायची, कडेनं छाटते. छाटायची वीतभर, वाढायचं हातभर.

शेवटी एका रविवारी मुलगा आणि सून जोतिबाला गेले तेव्हा त्यांनी कोयता काढला. डोकं रागात होतं, पण हात उसातला. एकेका घावात, जमिनीलगत, सफाईनं त्यांनी तिन्ही बुंधे कापले. पाला गोळा केला आणि सवयीनं दोन बादल्या पाणीही घातलं. उसाचा खोडवा राखायचा, म्हणजे कापल्या बुडख्यातून पुन्हा पीक घ्यायचं, तर अगदी असंच करतात. बादली रिकामी झाल्यावर हे त्यांच्या ध्यानात आलं.

सून रडली, आठ दिवस बोलली नाही. तेही त्यांनी सोसलं, कारण रस्ता दिसत होता. मग एकेका बुडख्याला ढिगानं फुटवे आले. पावसाळा सरला तेव्हा फाटकाजवळ पहिल्यापेक्षा दुप्पट गवत उभं होतं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतला होता. त्यात सूनबाई खूश होऊन म्हणाली की मामांचा हात गुणाचा आहे.

तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला.

"गुण घाल चुलीत. मला रस्ता दिसत न्हाय, पोरी. गावात दिवसाला पन्नास माणसं बोलायची. हितं तुझं गवात बोलतंय व्हय माझ्यासंगं?"

वर्षाराणीनं खुर्ची उचलली, फाटक उघडलं आणि बाहेर, गवताच्या पलीकडं, रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवली.

"बसा, मामा. तुमच्या लेकाला मी बघते."

काखेत कळसा नि गावाला वळसा. हंबीरराव स्वतःवरच चरफडत जाऊन बसले. घटकाभरानं एक मोटारसायकल थांबली. कुणा इंगवल्यांचं घर कुठलं, असं तो माणूस विचारत होता. हंबीररावांनी आधी त्याचं गाव विचारलं, मग भावकी, मग ऊस. सगळं झाल्यावर हात वर केला. "ह्या गवतापासनं तिसरं घर, पावणं."

पाहुण्यानं मान वर करून तुऱ्यांकडं पाहिलं. "गवात लई जोरात आलंय की."

"येणारच," हंबीरराव म्हणाले. "खोडवा हाय माझा."