बहिरी ताटली

मी एक जुनी काचेची ताटली आहे. जेवणाची नव्हे, मित्रांनो. माझ्या तळाला केसाहून बारीक असे सोन्याचे साठ ठिपके आहेत. शिन्चू शहरातल्या एका प्रयोगशाळेत माझ्यावर उंदराच्या मेंदूतल्या कोवळ्या पेशी वाढवत. पेशीत विजेची ठिणगी उडाली की ठिपक्याला कळे आणि पडद्यावर उजेड होई. पहिल्या आठवड्यात एखादा उजेड इथे, एखादा तिथे. मग पेशी एकमेकींना धरत, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळा पडदा एकदम लखलखे.

तिथली संशोधक यू-चेन दर वेळी मला धुऊन पुन्हा वापरी. "ही माझी सगळ्यांत शहाणी ताटली," असे म्हणे. मला जोडलेल्या यंत्राने नीट वागावे म्हणून, तिकडच्या रिवाजाप्रमाणे, त्यावर खाऊचे हिरवे पाकीट ठेवी. मला त्याचे काही वाटत नसे. मला फारसे काही वाटतच नाही.

तिच्या भाचीला फिट येत. तेव्हा मेंदूतल्या पेशी अशाच एकदम पेटतात. म्हणून यू-चेन माझ्यावरच्या पेशींना एक नवे औषध देऊन पाहत होती. तिसऱ्या दिवशी पडदा शांत झाला. प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, लियेन सरांनी, टाळी वाजवली. तिने लगेच बहिणीला फोन केला, "ताई, लागू पडतंय गं!"

मग तिने औषध धुऊन काढले. पेशी पुन्हा पेटायला हव्या होत्या. पडदा शांतच.

"पाकीट शिळं झालं असेल," सर हसले. "हे मांडायची परिषद आठ दिवसांवर आलीय. नसते उद्योग करू नकोस."

तिने ऐकले नाही. दुसऱ्या ताटलीत आधीच वाढवलेल्या पेशींना तेच औषध दिले, आणि ठिणगीबरोबर चमकणारा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. पेशी पहिल्यासारख्याच लखलखत होत्या.

"सर, औषधानं काहीच केलेलं नाही. आपली ताटली बहिरी झालीय."

सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिले. मग म्हणाले, "परिषदेला कळव. आपण येत नाही."

तिने माझ्याशेजारीच उभे राहून बहिणीला फोन लावला.

"ताई, ते खोटं निघालं. माझंच चुकलं."

पलीकडून बहिणीचा आवाज आला, "तू जेवलीस का?"

तेव्हा यू-चेन रडली.

आता मी खणात पडून आहे. मित्रांनो, ज्याच्या भरवशावर तुम्ही जगाचे ऐकता, त्याचे कान अधूनमधून तपासत जा. तो आपणहून सांगणार नाही. माझे ठिपके झिजले, तेव्हा मला काही दुखले नाही. मला वाटले, सगळे शांत झाले.