डोक्यावरची फेरी

"साहेब, दहा बेचाळीसची फेरी नका दाखवू त्यांना," डिशवाल्या बाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. "बारा तेवीसची दाखवा."

केंद्रप्रमुख टेबलावरची फुलदाणी कधी इकडे, कधी तिकडे सरकवत होते. "अहो, पाहुण्यांनी स्वतः निवडलीय ती. आजची सगळ्यात उंच फेरी आहे म्हणून."

"उंच आहे म्हणूनच तर सांगतेय."

"आज तरी तुमचा अडचणींचा पाढा नको, बाई."

बाई गप्प बसल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या गप्प बसायला शिकल्या होत्या, पण त्यांचा चेहरा काही शिकला नव्हता.

गल्लीतही त्यांना सगळे डिशवाल्या बाईच म्हणत. कुणाचा टीव्ही बिघडला की "जरा गच्चीवर येऊन बघता का?" म्हणून हाक यायची, आणि त्या जायच्याही. त्यांची खरी डिश मात्र दुमजली घराएवढी होती. हवामानाचा एक उपग्रह दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीला फेऱ्या मारत असे, शंभर मिनिटांत एक. खाली पृथ्वी फिरत राहायची, त्यामुळे या केंद्राच्या वाट्याला तो दिवसातून जेमतेम चारदा यायचा. दिवसा उत्तरेला उगवला की पंधरा मिनिटांच्या आत दक्षिणेला मावळायचा, रात्री उलटा. तेवढ्या वेळात डिशने त्याच्यावरची नजर हलवायची नाही आणि ढगांची चित्रं उतरवून घ्यायची. चौदा वर्षांपूर्वी तो वर गेला, तेव्हा त्याची पहिली खूण बाईंच्याच पडद्यावर उमटली होती.

आता ध्रुवाजवळ नवं केंद्र झालं होतं. तिथून तो प्रत्येक फेरीत दिसायचा. मग हे केंद्र ठेवायचं कशाला, हे ठरवायला आज पाहुणे येणार होते.

पाहुणे दोघं होते. एक बोलणारे, एक लिहिणारे. बाईंनी साहेबांकडे न बघता बोलणाऱ्यांना गाठलं.

"सर, ही फेरी अगदी डोक्यावरून जाते. तिथे आमची डिश त्याला सोडते."

"डोक्यावर तर तो सगळ्यात जवळ असतो ना? मग तर सोपं."

"जवळ असतो, पण डिशला मान मागे टाकता येत नाही. डोक्यावरून विमान गेलं तर आपण वर बघतो, आणि मग पुढचं बघायला पाय उचलून वळतो. तसं हिला अख्खं वळावं लागतं. चाळीस सेकंद जातात. खाली लोखंडी पाचर घालून बूड थोडं कलतं केलं, तर तो नेमका डोक्यावर येणारच नाही. नऊ वर्षं मागतेय मी पाचर."

"प्रस्ताव विचाराधीन आहे," साहेब घाईने म्हणाले.

"बारा तेवीसला तो पश्चिमेच्या टेकडीला घासून जाईल, सर. आठच मिनिटं, पण अखंड. थांबाल का?"

बोलणाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. "साडेअकराला निघायचंय आम्हाला. जेवणाची सोय पुढे केलीय."

दहा बेचाळीसला उपग्रह उगवला. पडद्यावर त्याच्या सिग्नलची हिरवी रेघ उभी राहिली, बाहेर डिश कुरकुरत वर चढू लागली. सत्तर अंश, ऐंशी अंश. बाईंनी यंत्राचा ताबा स्वतःकडे घेतला. यंत्र वळायला नेहमी उशीर करतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी डिश जरा आधीच वळवायला घेतली. रेघ विस्कटली. पडद्यावर नुसती खरखर पसरली. बाहेर ते अवाढव्य धूड जीव खाऊन वळत होतं, आणि रेघ पुन्हा उभी राहिली.

एकतीस सेकंद. चौदा वर्षांत इतक्या कमी वेळात त्यांना तो कधी सापडला नव्हता. बाईंना क्षणभर हसूच आलं.

लिहिणाऱ्यांनी तक्त्यात 'खंड' या शब्दासमोर 'होय' लिहिलं.

"एकतीस सेकंद, असं लिहाल का?" बाईंनी विचारलं.

"तसा रकाना नाही, मॅडम."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तक्ता हिसकावून घ्यावा, दोघा पाहुण्यांना हाताला धरून बारा तेवीसपर्यंत टेकडीकडे तोंड करून उभं करावं, असं वाटलं. बाईंनी फक्त आपल्या पेनाचं टोपण लावलं.

गाडीपर्यंत पोचवायला साहेब गेले. परत आले ते दारातच उभे राहिले. "पुढच्या महिन्यापासून तो ध्रुवाकडच्या केंद्राकडे. त्यांनी सांगितलं तसं. तुमचं बघू काहीतरी." मग तेही जेवायला गेले.

बारा तेवीसला खोलीत बाई एकट्याच होत्या. टेकडीच्या उजव्या अंगाने तो उगवला. रेघ बारीक होती, पण सरळ. डिश त्याच्या मागोमाग संथ सरकत राहिली आणि आठ मिनिटांनी त्याला टेकडीपलीकडे सोडून थांबली. बाईंनी नोंदवहीत लिहिलं, खंड नाही.

फोन वाजला. भूगोलाचे निवृत्त मास्तर, म्हणजे बाईंचे यजमान.

"आला होता का तुझा?"

"आला होता. आत्ताच गेला."

"नीट दिसला? पूर्ण?"

"पहिल्यापासून शेवटपर्यंत. कुठे तुटला नाही."

"वा. मग पाहुणे काय म्हणाले?"

"पाहुणे जेवायला गेलेत," बाई म्हणाल्या.

पुढची फेरी रात्री नऊच्या सुमारास होती, दक्षिणेकडून. ती दुसऱ्या पाळीवाल्याची होती, तरी बाईंनी फोन कानाशी तसाच धरून डिश दक्षिणेला वळवून ठेवली.