डाव्या सीटवरून

शकुंतला गेली त्या दिवशी सकाळी मी गाडी धूत होतो. डॉक्टरांनी दुपारी घरी सोडतो म्हणून सांगितलं होतं. संभाजीनगरला जाऊन तिला घेऊन यायचं, आणि गोविंदा मेकॅनिक गाडी चालवणार, असं ठरलं होतं, कारण मला गाडी येत नाही. उजवी बाजू धुऊन झाली आणि हर्षलचा फोन आला. तो तिच्याजवळच होता. म्हणाला, "बाबा, गाडी काढू नका. आम्हीच येतोय."

एवढंच बोलला. मला कळलं. बादलीत पाणी उरलं होतं, मग मी डावी बाजूही धुऊन घेतली.

आमच्या घरी गाडी तीच चालवायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आणि मी चिखलीतच एका हायस्कुलात हेडक्लार्क. सोळा वर्षं मी तिच्या डावीकडे बसलो. बसून मी काय केलं, तर सूचना दिल्या. "समोर म्हैस आहे." "हळू." "तो ट्रॅक्टरवाला वळेल बरं." म्हैस तिलाही दिसायची, पण मी सांगायचो. ती फक्त एक शब्द बोलायची, तोही निघण्याआधी. किल्लीवर हात ठेवून म्हणायची, "पट्टा." मी पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. तो पट्टा जुना होता, मध्येच अडकायचा. म्हणून मी आधी तो शेवटपर्यंत ओढून घ्यायचो, हळूहळू परत जाऊ द्यायचो आणि मग लावायचो. तोपर्यंत ती शेजारणीशी दोन गोष्टी बोलून घ्यायची.

ती गेल्यावर गाडी दारात उभीच राहिली. दोन महिन्यांनी हर्षल म्हणाला विकून टाकू, मी हो म्हणालो. विकायच्या दिवशी पुढच्या कप्प्यातून मी तिचा कंगवा काढला, आणि एका ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म. माझ्या नावाचा, तिच्या अक्षरात भरलेला. पूर्वानुभव या रकान्यात तिनं लिहिलं होतं, 'सोळा वर्षे सूचना देण्याचा'. निवृत्तीनंतर शिका म्हणून ती मागं लागली होती. मी टाळत होतो.

गाडी विकली आणि महिन्याभरात सूनबाईची बदली उंद्रीला झाली. प्रतीक्षा आरोग्यसेविका आहे. आधी इथंच चिखलीत होती. आता सकाळी एसटी, दिवसभर आजूबाजूच्या खेड्यांत पायपीट, आणि संध्याकाळची गाडी चुकली की रस्त्यावर उभं राहून कोणाच्या तरी वाहनाची वाट पाहणं. हर्षल जालन्याच्या कारखान्यात, रविवारी येतो. चार वर्षांची नात, आरोही, माझ्याजवळ असते. पोरीला मी सांभाळतो, पण अंधार पडला की ती दाराशी जाऊन बसते, आणि तिच्या शेजारी मीही.

गणपती झाल्यावर प्रतीक्षानं सांगून टाकलं. "बाबा, दिवाळीपर्यंत पाहते. नाही जमलं तर राजीनामा देते."

ती नर्सिंगची परीक्षा लग्नानंतर पास झाली होती. शकुंतलानं तिला अभ्यासाला बसवलं होतं, स्वतः भाकरी थापून. शाळेच्या मैदानावर गाडीही शिकवली होती. ती नोकरी अशी जाऊ द्यायची, हे मला पटेना. नवी गाडी झेपणार नव्हती. एका फायनान्स कंपनीच्या यार्डात जुन्या गाड्यांचा लिलाव आहे, असं गोविंदाकडून कळलं. प्रतीक्षानं आणि मी मिळून एक आकडा ठरवला. त्याच्या वर एक रुपया नाही, आणि चुकीची गाडी आली तर दुसरी घ्यायची ताकद नाही. लिलाव शनिवारी होता, आणि तिला त्या दिवशी लसीकरणाचं काम होतं. म्हणाली, "तुम्ही पाहून घ्या, बाबा. तुम्ही घ्याल ती मी चालवीन."

गाडी न येणाऱ्या माणसाला गाडी निवडायला पाठवलं.

यार्ड खामगाव रोडवर एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात होतं. भिंतीच्या कोपऱ्यांत अजून कापसाचे पुंजके अडकलेले होते. दहा ते एक गाड्या पाहायच्या, दोन वाजता बोली. इंजिन चालू करून पाहता येत होतं, गाडी जागेवरून हलवायची नाही. फाटकावर पाटी होती, 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे'. म्हणजे नंतर तक्रार चालणार नाही.

गोविंदानं खिशातून लोहचुंबक काढलं. जुन्या स्पीकरमधलं होतं, फडक्यात गुंडाळलेलं. "काका, हे पत्र्याले चिकटलं त म्हणजे पत्रा खरा. सुटलं त आत पुट्टी भरेल हाय, म्हणजे गाडी कुठीतरी ठोकेल हाय."

तो तासभर फिरला आणि एका पांढऱ्या गाडीपाशी येऊन थांबला. चुंबक सगळीकडं चिकटत होतं. इंजिन चालू केलं तर आवाज नाही, धूर नाही. सीटवर कोरी कव्हरं, पायाखाली कोऱ्या मॅट. फिरलीही कमीच होती. गोविंदा बॉनेटवर हात फिरवत म्हणाला, "काका, हे सोडू नका. हे त सोन्यासारखी हाय."

तिथं अजून एकजण होते. भगवंतराव, मेहकरचे, जुन्या गाड्यांचा धंदा करणारे. गळ्याभोवती रुमाल, पायात पांढरी चप्पल. तेही पांढरीभोवतीच फिरत होते.

मी डावीकडचं दार उघडून आत बसलो.

"बाबू," भगवंतराव म्हणाले, "स्टेअरिंग त्या बाजूनं हाय."

"माहीत आहे. मला गाडी येत नाही."

"मंग बसून काय करून राह्यले?"

"बसून पाहतोय."

ते गोविंदाकडे वळले. "काऊन बे गोविंदा, हे कोणते इन्स्पेक्टर आणले तू? सीट मऊ हाय का कडक, ते पाह्यले आणले काय?"

गोविंदा ओशाळला. मला वाईट वाटलं नाही. मला खरंच दुसरं काही येत नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि सवयीनं पट्टा हातात घेतला. सवयीनंच तो शेवटपर्यंत ओढला.

वरचा पट्टा मऊ होता, नव्यासारखा. शेवटची हातभर पट्टी मात्र पापडासारखी कडक लागली. उजेडात धरली तर तिच्यावर एक आडवी मातकट रेघ होती, आणि रेघेच्या खाली सगळा पट्टा पिवळट. बोट घासलं, बोटाला बारीक रेती आली. वास घेतला. विहिरीतला गाळ काढतात तेव्हा येतो तसा वास.

"गोविंदा, जरा इकडं ये."

त्यानं पाहिलं. मग खाली बसून सीटच्या खालचे स्क्रू टॉर्चनं पाहिले. ते गंजलेले होते.

"काका, हे गाडी पाण्यात होती," तो हळूच म्हणाला. "कुठच्या तरी पुरात. सीटपर्यंत पाणी. कव्हर बदलले, मॅट बदलले, सगळी धुतली. पट्टा कोण धुते? तो त आत जाऊन बसते." मग म्हणाला, "सहा महिन्यांत सगळी वायरिंग गेली असती. आपल्या ताईले उंद्रीच्या रस्त्यात उभं केलं असतं हिनं."

सोन्यासारखी तोच म्हणाला होता, पण मी आठवण दिली नाही. परत जाताना बसमध्ये त्याचीच सोबत होती.

मग मी बाकीच्या गाड्यांमध्ये डाव्या बाजूनं बसत गेलो. पट्टा ओढायचा, वास घ्यायचा, उतरायचं. सहावी की सातवी गाडी फिकट तपकिरी होती. मागच्या दाराला पोचा, टायर झिजलेले, आणि चुंबक दोन ठिकाणी खाली पडलेलं. गोविंदानं ती आधीच सोडून दिली होती. पट्टा ओढला, शेवटपर्यंत स्वच्छ. खाली पाहिलं आणि मला हसू आलं.

डाव्या बाजूचं मॅट एका जागी झिजून पार भोक पडलं होतं. टाचेच्या जागी. उजव्या पायाच्या.

आमच्या गाडीतही तस्संच होतं. मी सोळा वर्षं तिथं ब्रेक दाबला होता, जो नव्हताच.

"गोविंदा, ही घ्यायची."

"हे? काऊन?"

"हे मॅट पाहा. इथं कोणीतरी भित्रा माणूस बसत होता. वर्षानुवर्षं."

"मंग?"

"मंग काय. शेजारी असा माणूस बसला की चालवणाऱ्याला पळवता येत नाही. ही गाडी कधी जोरात गेलेलीच नाही. खड्डा आला की हळू, म्हैस आली की हळू."

गोविंदानं कपाळावर हात मारला. "काका, भोक पाहून गाडी घेणारे तुम्ही पह्यले." पण बॉनेट उघडलं. तेल पाहिलं, इंजिन चालू केलं, सायलेन्सरपाशी फडकं धरलं, गाडीखाली आडवा झाला. पंधरा मिनिटांनी बाहेर आला तेव्हा पाठीला माती होती. "इंजिनाखालचं एक रबर गेलं. दोन टायर लागतीन. बाकी..." त्यानं फडकं झटकलं. "बाकी तुमचा तो भित्रा माणूस चांगला होता बावा."

साडेबाराला आम्ही चहा घेतला. गोविंदा म्हणाला, "आता पट्ट्याचं कोणाले सांगू नका. भगवंतराव पांढरीमागं हाय तोवर तपकिरी आपली. त्याले कळलं त तो हिच्यावर येईन. आन् तो येऊन बसला त आपला आकडा पुरत नाही."

बरोबर होतं. मी दुसरा चहा मागवला. शेजारच्या बाकावर भगवंतराव मोठ्यानं फोनवर बोलत होते. "हाव, सिंधूताई. भेटली म्हणा. पांढरीशुभ्र. तुमच्या पोरीले एकटीले कॉलेजात जायले एकदम बरोबर. रस्त्यात बंद पडाचं नावच नाही, जबान देतो."

मी कप खाली ठेवला. शकुंतला असती तर तिनं एव्हाना अख्ख्या यार्डाला सांगून टाकलं असतं, आणि मला म्हणाली असती, म्हैस दिसली की सांगता ना, मग हे का नाही. मला प्रतीक्षा उंद्रीच्या रस्त्यावर उभी दिसत होती. त्या पोरीचं नावही मला माहीत नव्हतं, पण तीही दिसायला लागली.

गोविंदानं माझ्या तोंडाकडे पाहून कपाळाला हात लावला. "जा," म्हणाला. "तुम्हाले राहवत नाही."

मी भगवंतरावांना जाऊन सांगितलं. ते आधी हसले. "बाबू, धंद्यात केस पांढरे झाले माझे. पांढरी तुमाले पायजे, म्हणून मले भेव दाखवून राह्यले?"

"डाव्या बाजूनं बसा आणि पट्टा शेवटपर्यंत ओढा. मग बोला."

ते गेले, बसले. बाहेर आले तेव्हा बोटं रुमालाला पुसत होते. "तुम्ही कोणत्या गॅरेजले होते, बाबू?"

"शाळेत क्लार्क होतो."

"मंग हे कोणी शिकवलं?"

"बायकोनं. ती चालवायची, मी बसायचो."

"आता नाही चालवत?"

"आता ती नाही."

त्यांनी रुमाल घडी करून गळ्यात घातला. "बरं," एवढंच म्हणाले.

दोन वाजता बोली सुरू झाली. पांढरीचा नंबर पुकारला तेव्हा भगवंतराव आभाळाकडे पाहत राहिले. त्यांना गप्प पाहून बाकीचेही चरकले. ती तशीच राहिली. तपकिरीचा नंबर आला. मी हात वर केला. भगवंतरावांनीही केला. गोविंदानं मला कोपरानं ढोसलं, सांगितलं होतं ना, अशा अर्थानं. मी वाढवलं, त्यांनी वाढवलं. असं पाच वेळा झालं. माझ्या आणि प्रतीक्षाच्या आकड्यापर्यंत एकच पायरी उरली. ती मी चढलो, आणि मग माझ्याजवळ काही नव्हतं.

टेबलामागचा माणूस म्हणाला, "एक वार."

भगवंतराव माझ्याकडे पाहत होते. त्यांचा हात अर्धा वर आला, मग तो त्यांनी डोक्यावरून फिरवला.

"दोन वार. तीन वार."

बाहेर पडताना मी त्यांना गाठलं. आभार मानले, गाडी माझ्यासाठी सोडलीत म्हणून. ते म्हणाले, "सोडली काय, सिंधूताईले पोचेवाली चालत नाही. आन् त्या मॅटीले भोक हाय." मग गोविंदाला म्हणाले, "पुढच्या लिलावाले या इन्स्पेक्टरले मी घेऊन जातो बे. तू तुयं चुंबक घेऊन घरी बस."

कागदपत्रं व्हायला आठवडा गेला. गोविंदानं रबर आणि टायर बदलून गाडी घरी आणली. मॅटही बदलायला निघाला होता, मी बदलू दिलं नाही. माझी टाच त्या भोकात बरोबर बसते.

सोमवारी प्रतीक्षा पहिल्यांदा उंद्रीला गाडी घेऊन निघाली. सोबत मी, मागं आरोही. कडेच्या शेतांत सोयाबीनची मळणी चालू होती. मी पट्टा शेवटपर्यंत ओढून लावेपर्यंत ती किल्लीवर हात ठेवून थांबली. गावाबाहेर पडल्यावर म्हणाली, "बाबा, तुम्ही कितीही दाबला तरी त्या बाजूनं गाडी थांबत नाही."

"समोर म्हैस आहे," मी म्हणालो.

"दिसली," मागून आरोही म्हणाली.

आता प्रतीक्षा दिवसाउजेडी घरी येते. राजीनाम्याचं नाव तिनं परत काढलेलं नाही. पोरगी दाराशी बसत नाही.

ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म मी या गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवला आहे. त्यावर माझी सही करायची आणि फोटो चिकटवायचा राहिला आहे.